पाच माणसं किंवा सातशे पौंड

स्टर्जन बे, विस्कॉन्सिन. एप्रिलचा तिसरा शनिवार.
उपसागरातला बर्फ गेलाय, हातमोजे गेलेले नाहीत.
आर्लीन योर्गेन्सनच्या गॅरेजसमोर, ट्रेलरवर,
चौदा फुटांची अ‍ॅल्युमिनियमची होडी,
मागे वीस घोड्यांचं इंजिन,
डोक्यावर जुना टॉवेल बांधलेलं.

या महिन्यातली ही चौथी.
पहिलीत गादीच्या खुर्च्या होत्या, कप ठेवायला बारा भोकं;
किंमत ऐकून विश्राम तिच्यातून हळूच उतरला,
पायरीला नमस्कार करायचा तेवढा राहिला.
दुसरी फायबरची, देखणी.
मागच्या फळीवर मी नाण्यानं ठोकत गेले:
टक, टक, टक, आणि एका जागी ठप्प.
आतलं लाकूड कुजलेलं. औशाच्या बाजारात
आई माठ असेच वाजवून घ्यायची,
आणि दुकानदाराच्या तोंडाकडे बघायची नाही.
तिसरीच्या इंजिनाचा दांडा लांब, फळी आखूड.
'चालतंय,' विकणारा म्हणाला, अर्थात इंग्रजीत.
हा शब्द मला कुठल्याही भाषेत ओळखू येतो,
वीस वर्षं संसार केलाय त्याच्याशी.

मी औशाची. मोठ्यात मोठं पाणी म्हणजे विहीर,
आणि तिच्यात डोकावलं तरी धपाटा.
पोहायला शिकले एक्केचाळिसाव्या वर्षी,
सहा-सहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत.
विश्राम देवगडचा. समुद्राच्या गप्पा त्याच्या,
होडीत बसल्यावर उलट्याही त्याच्याच.

आर्लीननं इंजिन पाण्याच्या पिंपात बुडवलं.
दोरी ओढली. नाही. ओढली. नाही.
तिसऱ्यांदा ते खोकलं, निळा धूर, आणि लागलं.
बाजूनं बारीक धार सुटली;
मुक्ता फिदीफिदी हसली, कशासारखी दिसते ते सांगून.
'ही धार थांबली की इंजिन बंद करायचं,' आर्लीन म्हणाली,
'बाकी सगळं विसरलात तरी हरकत नाही.'

मग ती पाटी. मागच्या बाजूला, चार रिबिटांनी ठोकलेली:
पाच माणसं किंवा सातशे पौंड.
मी फोनवर बेरीज करायला घेतली.
विश्राम एकशे नव्वद ('पंच्याऐंशी!' तो म्हणाला. नव्वदच.)
निहार एकशे पासष्ट. मुक्ता नव्वद.
माझे एकशे अठ्ठेचाळीस, कोटासकट नाही.
पेट्रोल, नांगर, बर्फाची पेटी, डबे:
पंच्याऐंशी धरा.
उरले बावीस.
'बावीस पौंड पर्च!' विश्रामनं तेवढ्यात मासे पकडून, साफ करून,
तिरफळ घालून शिजवलेही.

'माझे कशाला धरतेस?' निहार म्हणाला.
तो पुढच्या टोकाला बसला होता, ट्रेलरवरच,
पाय बाहेर सोडून, जणू खाली पाणी आहे.
ऑगस्टच्या बाराला टक्सनची फ्लाइट.
तिथे मैलोन्मैल वाळवंट, मी नकाशात पाहिलंय.
मी आकडा खोडला नाही.
मे, जून, जुलै. शनिवार मोजले तर तेरा,
पावसाचे चार वजा.

खिडकीत व्हर्न, मांडीवर ब्लँकेट,
बाहेर आला नाही. इंजिन लागलं
तेव्हा त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला होता,
एवढं काचेतून दिसलं.

अठराशेला ठरलं, ट्रेलर धरून.
विश्राम पैसे मोजत होता, दोनदा, थुंकी लावून.
आर्लीन आत जाऊन एक प्लॅस्टिकचा कॅन घेऊन आली,
पाच गॅलनचा, पिवळट, मुठीला दोरी.
'पुढे कोणी बसणारं नसेल तेव्हा
हा पाण्यानं भरून टोकाला ठेवा,
नाहीतर नाक आभाळात जातं,
समोरचं काही दिसत नाही.
मुलं गेल्यावर व्हर्न असंच करायचा.'

मी कॅन घेतला. रिकामा होता, हलका.
निहारला म्हटलं, सरक जरा,
आणि तो त्याच्या पायाशी ठेवला.